सुलोचना बोलपटामुळेच मागे पडल्या का? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मूकपटांच्या नायिकांवर दोन पानं छापली होती. त्यात रूबी मायर्स ऊर्फ सुलोचना यांच्या वाट्याला एक परिच्छेद आला आणि त्याचा शेवट ‘बोलपट आला आणि त्या मागे पडल्या’ असा होता. या एका वाक्यावर सांगली, मिरज, कराड, वाई, तासगाव, विट्याहून प्रश्न आले. वाक्य अपुरं होतं हे मान्य. काही प्रश्नांना इथे सविस्तर उत्तरं देत आहोत, तर काहींना दोन ओळींत.

सुलोचना म्हणजे खडकलाटच्या सुलोचनादीदीच ना? मग त्यांना फाळके पुरस्कार कधी मिळाला? – विटा

नाही, या दोन वेगळ्या बाई. खडकलाटच्या सुलोचना लाटकर यांचा जन्म १९२८ चा. भालजी पेंढारकरांच्या तालमीत घडलेल्या या अभिनेत्री पुढे हिंदी-मराठी पडद्यावरची ‘आई’ झाल्या, त्यांना ‘महाराष्ट्र भूषण’ मिळाला आणि जून २०२३ मध्ये त्या गेल्या. मूकपटातल्या सुलोचना म्हणजे रूबी मायर्स. त्यांचा जन्म १९०७ चा, पुण्याचा. १९७३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार यांना मिळाला आणि १९८३ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं. लावणीवाल्या सुलोचना चव्हाण तिसऱ्या. वर्तमानपत्रंसुद्धा कधी कधी एकीच्या बातमीला दुसरीचा फोटो लावतात, त्यामुळे तुमची गल्लत अगदी स्वाभाविक आहे.

सोपी खूण अशी : चित्रपट १९४० च्या आधीचा असेल तर सुलोचना म्हणजे रूबी मायर्स. पन्नाशीच्या दशकातल्या हिंदी श्रेयनामावलीत मात्र नुसतं ‘सुलोचना’ दिसलं, तर चेहरा बघितल्याशिवाय ठरवू नका. १९५३ च्या ‘अनारकली’त सलीमची आई झालेल्या सुलोचना रूबी मायर्स आहेत, लाटकर नव्हेत.

जन्म पुण्याचा, काम मुंबईत. मग बोलपट आल्यावर हिंदी शिकायची वेळ का आली? आपल्याकडच्या ज्यू लोकांना तर उत्तम मराठी येतं. – मिरज

तुम्हाला ठाऊक असलेले ज्यू बहुधा बेने इस्राएल. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या, तेल गाळायचा धंदा करणाऱ्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या लोकांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांची घरची भाषा मराठीच. रूबी मायर्स बगदादी ज्यू घराण्यातल्या. हा समाज एकोणिसाव्या शतकात व्यापाराच्या निमित्तानं मुंबई, पुणे, कलकत्त्याला आला. पुण्याच्या कॅम्पातलं लाल देऊळ याच समाजाचं, डेव्हिड ससून यांनी बांधवलेलं. त्यांच्या घरात आधी अरबी आणि पुढे इंग्रजी चाले. म्हणजे पुण्यात जन्मूनही बाजारापुरत्या हिंदुस्थानीपलीकडे त्यांचा या भाषेशी संबंध येण्याचं कारण नव्हतं.

त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या. कोहिनूर फिल्म कंपनीचे मोहन भवनानी यांनी विचारलं तेव्हा त्यांनी आधी नकार दिला, कारण नटीच्या कामाला तेव्हा चांगलं नाव नव्हतं. पुढे त्या तयार झाल्या आणि १९२५ मध्ये ‘वीरबाला’ आला. पडद्यावर मायर्स हे नाव चालणार नव्हतं म्हणून ‘सुलोचना’. तेव्हाचा हा शिरस्ताच होता, रेने स्मिथची सीतादेवी झाली तीही याच काळात. बिगरहिंदू मुली मूकपटात इतक्या का, याचं कारणही साधं आहे : घरंदाज हिंदू-मुसलमान घरांतून मुली मिळत नव्हत्या आणि मूकपटात भाषेची अट नव्हती. संवाद पाट्यांवर छापून येत, एकाच पाटीवर दोन-तीन लिप्यांत. नायिका सेटवर काय पुटपुटते याच्याशी प्रेक्षकाला काही देणंघेणं नव्हतं.

बोलपट आला आणि त्या संपल्या, हे खरं की खोटं? – सांगली

सरळ ‘खोटं’ म्हणता येणार नाही, पण सालवारी लावली तर ते वाक्य टिकत नाही.

१९२६ च्या ‘टायपिस्ट गर्ल’पासून त्यांचं नाव झालं. १९२७ च्या ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’त त्यांनी आठ भूमिका केल्या, त्यांत माळी होता, पोलीस होता, हैदराबादी गृहस्थ होता आणि गोरी मडमही होती. मग अर्देशिर इराणींच्या इंपीरियल कंपनीत ‘माधुरी’ (१९२८), ‘अनारकली’ (१९२८) आणि ‘इंदिरा बी.ए.’ (१९२९). आर. एस. चौधरींनी दिग्दर्शित केलेले हे तीन चित्रपट म्हणजे त्यांचं शिखर. ‘अनारकली’ची तर शर्यत लागली होती. दुसरी एक कंपनी सीतादेवीला घेऊन हीच कथा मोठ्या थाटात काढत होती. इंपीरियलनं आपला चित्रपट घाईनं पुरा करून आधी पडद्यावर आणला.

१४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला. कंपनी इंपीरियलच, पण नायिका झुबेदा. घरच्याच कंपनीच्या पहिल्या बोलपटात घरची सगळ्यात मोठी नटी नव्हती. ‘संपल्या’ ही समजूत इथून निघाली. पण पुढे काय झालं? सुलोचनांनी साधारण वर्षभर हिंदुस्थानीचे धडे घेतले आणि १९३२ मध्ये त्याच ‘माधुरी’च्या बोलक्या आवृत्तीतून परतल्या. त्यानंतर चार-पाच वर्षं त्या इंपीरियलच्या पहिल्या क्रमांकाच्या नायिका होत्या. भाषेनं संपलेली नटी इतकी वर्षं टिकत नाही.

बोलपटानं त्यांचं नुकसान केलं, पण ते दुसऱ्या वाटेनं, आणि त्यासाठी तेव्हाचा सेट कसा चाले ते समजून घ्यावं लागतं. मूकपटाचा कॅमेरा हातानं फिरवत : सेकंदाला दोन फेरे, एका फेऱ्यात आठ चौकटी, म्हणजे सेकंदाला सोळा. शॉट चालू असताना दिग्दर्शक मोठ्यानं सूचना देऊ शके, ‘मागे बघ, आता दचक, आता पळ’. नटीला पाठांतर नको आणि जागेचं बंधन फारसं नाही. सुलोचनांचं बळ याच मोकळेपणात होतं : धावपळ, वेषांतर, अंगचा डौल, डोळे.

बोलपटात फीत सेकंदाला चोवीस चौकटींनी पळू लागली. जी हजार फुटी रीळ सोळा मिनिटं चाळीस सेकंद पुरायची ती अकरा मिनिटं सात सेकंदांत संपायची, म्हणजे तेवढ्याच प्रसंगाला दीडपट फीत. त्यात ‘आलम आरा’साठी वापरलेल्या टॅनार यंत्रात आवाज आणि चित्र एकाच फितीवर एकाच वेळी उतरे. नटी एका शब्दाला अडखळली की आवाज वेगळा दुरुस्त करायची सोय नाही, अख्खा शॉट पुन्हा. स्टुडिओ रेल्वे रुळांजवळ होता, म्हणून गाड्या थांबल्यावर मध्यरात्रीनंतर चित्रण चाले. माइक फुलदाणीमागे किंवा झाडाच्या फांदीत लपवलेला. नटीनं त्याच्यापासून दोन पावलं लांब गेलं की आवाज बसला. गाणं असेल तर पेटी-तबलावाले चौकटीच्या बाहेर, अगदी कडेला दडून बसलेले, आणि नटीनं तिथेच उभं राहून, एका दमात, सुरात गायचं. पार्श्वगायन आपल्याकडे १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनं आणलं. त्याआधी नायिकेला गळा नसेल तर दुसरा उपाय नव्हता.

आता हे सुलोचनांना लावून बघा. भाषा त्या शिकल्या, पण ज्या गोष्टीत त्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं ती माइकनं जखडून टाकली, आणि गाणं ही जी नवी मागणी आली त्यात त्या पहिल्या रांगेत नव्हत्या. इथे कंपनीनं काय करायला हवं होतं? त्यांच्या अंगासारख्या नव्या कथा. कंपनीनं केलं ते असं : जुने यशस्वी मूकपट पुन्हा काढले. ‘माधुरी’ची बोलकी ‘माधुरी’. ‘इंदिरा बी.ए.’ची १९३४ मध्ये ‘इंदिरा एम.ए.’. (पाच वर्षांत पदवी वाढली, बाकी फारसं पुढे सरकलं नाही.) १९३५ मध्ये पुन्हा ‘अनारकली’. १९३६ मध्ये ‘वाइल्डकॅट’ची ‘बंबई की बिल्ली’. नायक बहुतेक वेळा तेच, दिनशा बिलिमोरिया. पडद्याबाहेरही या दोघांची जोडी होती, आणि १९३३ पासून १९३९ पर्यंत त्यांनी जवळजवळ एकमेकांबरोबरच कामं केली.

पहिल्या फेरीत हे चाललं, कारण लोकांना लाडकी नटी बोलताना बघायची होती. पण हे कुतूहल एकदाच पुरतं. १९३५-३६ च्या प्रेक्षकासमोर तोवर प्रभातचे संतपट आणि सामाजिक चित्रपट होते, न्यू थिएटर्सचा सैगल होता, बॉम्बे टॉकीजच्या देविकाराणी होत्या. एकवीस वर्षांच्या सुलोचनांनी केलेली अनारकली अठ्ठावीसाव्या वर्षी, तीही पायाला माइक बांधून, पुन्हा बघायचं कारण उरलं नव्हतं. इंपीरियलनं १९३७ मध्ये ‘किसान कन्या’ हा रंगीत चित्रपट काढला, त्याला मोठं यश मिळालं नाही, आणि १९३८ मध्ये कंपनीच बंद झाली. सुलोचनांनी ‘रूबी पिक्स’ नावाची स्वतःची संस्था काढली होती, पण ती इंपीरियलची जागा घेऊ शकली नाही. बिलिमोरियांबरोबरची जोडी फुटली तेव्हा दोघांचीही मागणी ओसरली होती. पुढची कामं म्हणजे चरित्र भूमिका, आणि त्याही मोजक्याच.

आमच्या मते क्रम असा लावावा : आधी कंपनीची आळशी निवड, मग कंपनीचं बंद होणं, आणि भाषा शेवटी. भाषेचं कारण सांगायला सोपं म्हणून पुढे राहिलं, एवढंच. जाता जाता, पार्श्वगायन आल्यावर त्यांची गाण्याची अडचण सुटायला हवी होती, मग फायदा का झाला नाही, असंही तुम्ही विचारलं आहे. फायदा झाला तो चेहरा ताजा असलेल्यांना. उसना गळा मिळू लागल्यावर निर्मात्याला नवी मुलगी घेणं उलट सोपं झालं.

सुलोचनांचा पगार मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा जास्त होता, असं वाचलं. खरं आहे का? – तासगाव

चित्रपटाच्या इतिहासांत त्यांचा पगार महिना ५,००० रुपये दिला जातो. तो मानला तरी गव्हर्नरची तुलना बसत नाही. १९३५ च्या कायद्यात मुंबईच्या गव्हर्नरचं वेतन वर्षाला १,२०,००० रुपये ठरवलेलं होतं, म्हणजे महिन्याला १०,०००. सुलोचनांचा आकडा त्याच्या निम्मा. तेवढाही त्या काळी डोळे फिरवणारा होता. त्याला आणखी फुगवायची गरज नाही.

पण हा पैसा महिन्याचा पगार होता, चित्रपटाचा मोबदला नव्हे, हे विसरू नका. कंपनी-पद्धतीत नट-नटी, लेखक, सुतार, रंगारी सगळे पगारी. वर्षात दोन चित्रपट करा नाहीतर सहा, आकडा तोच. बाहेरच्या कंपनीत काम करायची मुभा नाही. चित्रपट पुन्हा काढला, त्याच्या प्रती गावोगाव दहा वर्षं फिरल्या, तरी नटीला त्यातलं काही नाही. म्हणजे कंपनी चालू आहे तोवर राणी, आणि कंपनीला कुलूप लागलं की पुढच्या एक तारखेला शून्य. याच करारांच्या जाचावरून शांता आपटेंनी १९३९ मध्ये पुण्यात प्रभातच्या फाटकाशी उपोषण केलं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर कंपन्या मोडल्या आणि नट चित्रपटामागे पैसे घेऊ लागले, तोवर सुलोचनांची वेळ निघून गेली होती.

जुन्या फोटोंत या नट्यांचे ओठ काळेकुट्ट का दिसतात? – वाई

तेव्हाच्या फितीला तांबडा रंग दिसत नसे. तांबडं ते काळं आणि निळं ते पांढरं, असा हिशेब. लालचुटूक ओठ काळे उमटत, गालांची लाली डागासारखी दिसे, आणि निळं आकाश कोरं. म्हणून चेहऱ्याला पिवळट रंग चोपडत आणि ओठांना लाल टाळत. जिथे टाळलं नाही तिथे तुम्हाला काळे ओठ दिसतात. विसाच्या दशकाच्या अखेरीस सगळे रंग टिपणारी फीत वापरात येऊ लागली आणि रंगभूषाही बदलली.

सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं. गाणारे नट आपल्याकडे ढिगानं. मग बोलपटाच्या सुरुवातीला सांगली-मिरजेनं गाणाऱ्या नट्या का पुरवल्या नाहीत? – सांगली

पुरवल्या की! पण नाट्यपंढरीतले मोठे गाणारे ‘नट्या’ बहुतेक पुरुष होते, ही अडचण. नागठाण्याचे बालगंधर्व रंगमंचावर दहा-पंधरा हातांवरून साडीत देखणे दिसत. कॅमेरा मात्र दोन हातांवर येतो. १९३५ च्या ‘धर्मात्मा’त ते एकनाथ झाले, तिथवर ठीक. १९३७ च्या ‘साध्वी मीराबाई’त ते मीरा झाले आणि चित्रपट पडला. जवळून घेतलेल्या चौकटीत पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा पुरुष लपत नाही.

बायका होत्या त्या छोट्या मंडळ्यांतून. १९१३ मध्येच फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी. या कमलाबाई म्हणजे मिरजेत जन्मलेल्या चंद्रकांत गोखल्यांच्या आई. त्यांनी रंगभूमी सोडली नाही, प्रसंगी पुरुषभूमिकाही केल्या. गाता गळा आणि नाटकाचं पाठांतर असल्यानं बोलपटाची त्यांना धास्ती नव्हती. दुसऱ्या मिरजेच्याच हिराबाई बडोदेकर, जन्म १९०५ चा. स्वतःची नाटक मंडळी चालवलेल्या या गायिका बाबुराव पेंटरांच्या ‘प्रतिभा’त (१९३७) पडद्यावर आल्या, पण मन रमलं ते मैफलीतच. सुलोचनांशी तुलना करायची तर फरक इथे आहे. या दोघींना कंपनी बंद पडली तरी दुसरं अंगण होतं. सुलोचनांना पडदा सोडून काहीच नव्हतं.

ललिता पवारांची गोष्ट आणखी वेगळी. १९४२ मध्ये चित्रणाच्या वेळी बसलेल्या थपडेनं चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डावा डोळा बारीक झाला, आणि त्या नायिकेच्या रांगेतून बाहेर पडल्या. तीनेक वर्षांच्या उपचारांनंतर तोच डोळा खाष्ट सासूचा ऐवज झाला. कारकीर्द मोडण्याची अशी एकेकीची तऱ्हा. सगळ्यांना ‘बोलपट’ हे एकच औषध लावू नये.

आमचे आजोबा जत्रेच्या तंबूत सुलोचनाची ‘अनारकली’ बघितल्याचं सांगत. ती कुठली समजायची? – वडूज

सुलोचना तीन ‘अनारकलीं’त आहेत : १९२८ ची मुकी, १९३५ ची बोलकी, या दोन्हीत त्याच अनारकली. १९५३ ची बीना रॉयची, तिच्यात त्या सलीमची आई. एकाच कथेत एका बाईनं मुलीपासून सासूपर्यंत पोचावं, यात त्यांची सगळी कारकीर्द आली.

आजोबांच्या आठवणीतून छडा लावा. पडद्यावर मधूनमधून काळ्यावर पांढऱ्या अक्षरांच्या पाट्या येत आणि कुणीतरी त्या मोठ्यानं वाचून दाखवी, असं ते सांगत असतील तर १९२८ ची. लताबाईंची, सी. रामचंद्रांच्या चालींची गाणी आठवत असतील तर १९५३ ची. गाणी होती पण लताबाईंची नव्हेत, असं असेल तर मधली. मुकी ‘अनारकली’ त्यांनी १९२८ नंतर बऱ्याच वर्षांनी बघितली असली तरी आश्चर्य नाही. बोलपटाला तंबूत ध्वनियंत्र, कर्णे आणि भरवशाची वीज लागे. मूकपटाला हातानं फिरवायचं यंत्र आणि दिवा पुरे. शहरात जुनी झालेली मुकी रिळं म्हणून जत्रांतून पुढेही चालली.

२०१९ च्या पुरात ट्रंक बुडाली. तीत आजीचे नट्यांचे फोटो आणि चित्रपटांच्या पुस्तिका होत्या. आता सगळं चिकटून वाळलं आहे. काही वाचेल का? – सांगली, गावभाग

पुस्तिका बहुतेक वाचतील. फोटोंचं सांगणं अवघड, कारण फोटोच्या तोंडावर जिलेटिनचा थर असतो आणि तो एकदा ओला होऊन शेजारच्या फोटोला बसला की सुटताना चित्रासकट सुटतो.

आधी आहे त्या अवस्थेत गठ्ठ्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा. बुरशी असेल तर तोंडाला मास्क लावून, घराबाहेर, मऊ ब्रशनं झटका. मग एका पुस्तिकेच्या कोपऱ्यातल्या अक्षरावर ओलसर कापूस दोन-तीन सेकंद टेकवा. शाई उतरली तर तिथेच थांबा. नाही उतरली तर झाकणाचा प्लास्टिकचा मोठा डबा घ्या, तळाशी ओले स्पंज, त्यावर जाळी, जाळीवर पुस्तिका. पाणी कागदाला लागता कामा नये. झाकण लावून चार ते सहा तास ठेवा आणि दर तासाला बघा. रात्रभर विसरलात तर बुरशी नव्यानं धरेल. कागद लवचिक झाला की बांबूची पातळ चपटी काडी कोपऱ्यातून घालून, पानाला समांतर सरकवत सोडवा. अडलं की ओढू नका, पुन्हा डब्यात. सुटलेली पानं सुती कापडावर सावलीत वाळवा. इस्त्री, केस वाळवायचं यंत्र, ऊन, तिन्ही वर्ज्य. गंजलेल्या पिना मागून पाय उचलून काढा आणि जागेवर सुती दोरा घाला. लॅमिनेशन आणि सेलोटेप यांनी पुरापेक्षा जास्त कागद खाल्ला आहे.

चिकटलेल्या फोटोंपैकी सगळ्यात कमी किमतीची एक जोडी स्वच्छ गार पाण्यात अर्धा तास ठेवून बघा. सहज सुटली तर बाकीच्यांना हात लावा, नाही तर तसेच ठेवून जाणकाराकडे न्या. सुटलेला फोटो पुसायचा नाही, तोंड वर करून वाळू द्यायचा, आणि वाळल्यावर ६०० डीपीआयवर स्कॅन करायचा.

पुस्तिका उघडली की साल असं काढा. आत नुसतं कथासार असेल आणि गाणी नसतील तर मूकपट. गाणी असतील तर १९३१ किंवा पुढचा. सुलोचनांच्या बाबतीत ‘बी.ए.’ मुकी आणि ‘एम.ए.’ बोलकी, ‘वाइल्डकॅट’ मुकी आणि ‘बिल्ली’ बोलकी. ‘माधुरी’ आणि ‘अनारकली’ यांची नावं सारखीच, तिथे गाणी हीच खूण. प्रभातची पुस्तिका असेल तर पत्ता वाचा : कोल्हापूर असेल तर १९३३ च्या आधीची, पुणे असेल तर नंतरची. (तुम्ही लिहिलेली ‘संत सखू’ १९४१ ची, म्हणजे पुण्याची. कराडच्या सखूची कथा, सखू झालेल्या हंसा वाडकर.) या कागदांना हलकं समजू नका. सुलोचनांचे मूकपट आज जवळजवळ सगळे नाहीसे झाले आहेत. अशा पुस्तिका राहिल्या तेवढाच पुरावा.

माळ्यावर पत्र्याच्या गोल डब्यात फिल्म सापडली. लावून बघायची आहे. – कराड

लावून बघू नका. १९५० च्या आसपासपर्यंतची ३५ मिलिमीटरची फीत नायट्रेटची असू शकते. ती पेटली की पाण्यानं विझत नाही, आणि कुजत चाललेली असेल तर कडक उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर आपोआपही पेटू शकते. पुण्यात २००३ च्या जानेवारीत अशाच साठ्याला आग लागून जुन्या चित्रपटांच्या फिती गेल्या.

डबा भर दुपारी नव्हे, सकाळच्या गारव्यात खाली आणा. मोकळ्या हवेत, सावलीत, विडी-काडी-गॅसपासून लांब उघडा. झाकण गंजून बसलं असेल तर ठोकू नका, ठिणगी उडेल. लाकडी पट्टीनं हळूहळू उचका. हातमोजे घाला. उग्र, मळमळवणारा वास, वर चिकट मधासारखा थर किंवा तपकिरी भुकटी दिसली तर झाकण सैल ठेवून डबा घराबाहेर ठेवा आणि तिथेच थांबा. असा माल पोस्टानं, कुरिअरनं, एसटीनं पाठवायचा नाही.

फीत कोरडी आणि लवचिक असेल तर सुरुवातीची हातभरच उलगडा. कडेला इंग्रजीत ‘नायट्रेट’ किंवा ‘सेफ्टी’ (म्हणजे सहज न पेटणारी फीत) छापलेलं असतं. भोकांच्या दोन रांगांमध्ये चित्र पूर्ण रुंदीभर असेल तर मूकपट. एका बाजूच्या भोकांना लागून साधारण अडीच मिलिमीटरची उभी, रेघांची पट्टी असेल तर बोलपट. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती नायट्रेट नव्हे, सेफ्टीची फीत, तीही कुजायला लागलेली. पाटी दिसली तर मोबाइलवर फोटो घ्या, मागे पांढरा कागद धरून, दिवा जवळ न नेता. साधारण दहा इंच व्यासाची भरलेली रीळ म्हणजे हजार फूट. हे फोटो आणि मापं पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला, लॉ कॉलेज रस्त्यावर, आधी लिहून कळवा. डबा न्यायचा कसा ते तेच सांगतील. तोवर डबा आडवा ठेवा, हवा खेळेल अशा जागी, आणि त्यावर दुसरा काही ठेवू नका.